अकरा सूत

आईचे लाटणे मे महिन्यात फुटले. दोन तुकडे झाले नाहीत, पण एका टोकापासून मधल्या फुगीर भागापर्यंत उभी चीर गेली. त्या चिरेत कणीक अडकू लागली आणि पोळीवर एक बारीक रेघ उमटू लागली. दोन दिवस ती रेघ मला दिसत होती, पण मी काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आईनेच लाटणे खिडकीपाशी नेऊन पाहिले आणि म्हणाली, "वाळलं गं हे. इथली हवा नाही सोसली त्याला."

ते खरेच होते. लाकूड झाडावरून उतरले तरी हवेतले पाणी घेत-देत राहते. हे लाटणे सावंतवाडीच्या चितारआळीतले. चितारआळी रंगीत लाकडी फळांसाठी आणि खेळण्यांसाठी प्रसिद्ध आहे, पण आजोबांनी तिथून आणले ते कोरे, बिनरंगाचे, शिसवाचे लाटणे. १९७१ साली आईच्या लग्नात रुखवतावर ते पोळपाटाशेजारी मांडलेले होते. मग ते मुंबईला गोरेगावात आले आणि चाळीसहून जास्त पावसाळे तिथल्या दमट स्वयंपाकघरात राहिले. बाबा गेल्यावर आई आमच्याकडे फरीदाबादला आली, तेव्हा तिच्या पिशवीत तेही होते. इथे मे महिन्यात लू सुटते. दुपारी खिडकीचे गज हाताला चटका देतात, धुतलेला टॉवेल अर्ध्या तासात कडक होतो. लाकूड वाळताना सगळ्या बाजूंनी सारखे आकसत नाही. वार्षिक वलयांच्या दिशेने ते जास्त आकसते, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने कमी. म्हणून गोल कातलेले लाकूड वाळून किंचित लंबगोल होते, आणि ताण फार झाला की फाटते.

एरवी मी दुसरे लाटणे आणून विषय संपवला असता. पण आदल्या पावसाळ्यात आईला अर्धांगाचा सौम्य झटका येऊन गेला होता. बोलणे महिन्याभरात परतले, चालणेही. उजव्या हाताची पकड मात्र पूर्ण आली नाही. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीने सांगितले होते, चेंडू दाबण्यापेक्षा त्यांना सवयीचे काम करू द्या. आईचे सवयीचे काम म्हणजे पोळ्या. हिवाळाभर ती रोज चार पोळ्या लाटत होती. त्या उजवीकडे जाड राहत, नकाशासारख्या होत, पण डिसेंबरपेक्षा मार्चमधल्या बऱ्या होत्या. आणि आता ही चीर.

एक नंबरच्या बाजारातून मी एक बेलन आणले. इकडचे बेलन मध्ये चांगले जाडजूड आणि दोन्हीकडे एकदम बारीक मुठी, पराठ्याला शोभेल असे. आईने ते उचलून पाहिले आणि खाली ठेवले. "हे व्यंगचित्रातलं आहे," ती म्हणाली. "नवऱ्याला मारायचं."

सूरजकुंडचा मेळा फेब्रुवारीतच होऊन गेला होता. १९८७पासून भरणाऱ्या या मेळ्यात लेथवरची लाखेची खेळणी मी हौसेने पाहते, पण एवढ्या लांबून कोरे लाटणे विकायला कोण येणार? फरीदाबादमध्ये लेथला तोटा नाही. गल्लीगल्लीत ती फिरत असते. पण ती लोखंडाची, ट्रॅक्टरच्या आणि मोटारींच्या सुट्या भागांची. लाकडाच्या खरादीचा पत्ता मला घरी सुतारकामाला आलेल्या माणसाने दिला. पाच नंबरमध्ये एक म्हातारे मास्टरजी आहेत, म्हणाला, पलंगाचे पाय आणि ताक घुसळायच्या रव्या करतात.

फरीदाबादचे हे नंबर बाहेरच्याला विचित्र वाटतात. एक नंबर, दोन नंबर, पाच नंबर ही इथल्या वस्त्यांची नावे. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू, कोहाट, डेरा इस्माईल खान अशा भागांतून आलेल्या हजारो निर्वासितांसाठी १९४९ नंतर हे नवे औद्योगिक शहर वसवले गेले. राजेंद्र प्रसाद त्याच्या विकास मंडळाचे अध्यक्ष होते. कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या सहकारी संघाने तिथे काम केले. घरे बांधायला बाहेरचे ठेकेदार न आणता निर्वासितांनीच सहकारी गट करून ती बांधावीत, असे ठरले. दुकानदारी आणि सावकारी करत आलेल्या माणसांनी विटा वाहिल्या आणि हत्यारे हातात घेतली. मास्टरजींचे वडील बन्नूचे. तिकडे त्यांचे कापडाचे दुकान होते, लाकूडकाम ते इथे येऊन शिकले. मास्टरजींचा जन्म मात्र इथलाच, पाच नंबरमधला.

त्यांचे दुकान म्हणजे जिन्याखालची आठ फुटी खोली. लेथचा सांगाडा लाकडी, मोटर जुनी, पट्टा दोनदा सांधलेला. भिंतीला पटाशा ओळीने अडकवलेल्या. मी चिरलेले लाटणे पुढे केले आणि म्हणाले, हुबेहूब असेच हवे.

त्यांनी ते घेऊन डोळ्यांसमोर आडवे धरले, बंदुकीचा नेम धरावा तसे, आणि हळूहळू फिरवले. "ये गोल नहीं है," ते म्हणाले.

मला ते माहीत नव्हते. त्यांनी कॅलिपर लावून दाखवले. मध्यभागी एकीकडून अकरा सूत भरले, पाव फेरी फिरवल्यावर साडेदहा. शिवाय उजवा भाग डाव्यापेक्षा जास्त झिजलेला. आईची पोळी लाटताना आपोआप फिरते. म्हणजे फिरायची. पोळी हाताने उचलून वळवावी लागली तर ती लाटणारीची नामुष्की, असे आमच्याकडे मानतात. पोळी फिरण्यासाठी एका हाताचा दाब दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त पडावा लागतो. पन्नास वर्षे तो किंचित जास्त दाब आणि कणकेचे घर्षण सोसून लाटण्याची ती बाजू उतरली होती.

"लेथवर फक्त गोल होतं," मास्टरजी म्हणाले. "हे असं वाकडं हातच करू शकतो. सांगा, जुनं होतं तसं बनवू, की नवं असताना होतं तसं?"

मी भाषांतरकार आहे. हिंदीतून आणि इंग्रजीतून मराठीत पुस्तके आणणे हा माझा पंचवीसएक वर्षांचा उद्योग. तौलनिक साहित्याचा अभ्यास करताना या प्रश्नावर मी पानेच्या पाने लिहिली आहेत: जुन्या संहितेचे भाषांतर तिच्या काळातल्या वाचकाला ती जशी नवी वाटली असेल तसे करायचे, की आज ती जशी जुनी झाली आहे तसे? त्या पानांचा जिन्याखालच्या त्या खोलीत मला काहीच उपयोग झाला नाही. मी म्हणाले, नवे असताना होते तसे. आणि एखाद्या हस्तलिखिताची प्रत करावी तशी मापे उतरवून घेतली. लांबी साडेचौदा इंच. डाव्या, कमी झिजलेल्या बाजूची आठ ठिकाणची जाडी. टोकांना सात सूत, मध्ये अकरा. एका इंचाचे आठ सूत. हे माप मराठी सुतारालाही तसेच कळते, त्यामुळे तेवढ्यापुरती आम्हांला दुभाष्याची गरज नव्हती.

लाकडाच्या बाबतीत मात्र होती, हे नंतर समजले. मी "शिसव" म्हणायच्या जागी "शीशम" म्हणाले. त्यांनी मान हलवली, आणि दोघांनाही वाटले, ठरले. घरी येऊन पाहिले तर ही दोन वेगळी झाडे. आपला शिसव म्हणजे डॅलबर्जिया लॅटिफोलिया. सह्याद्रीतला आणि दक्षिणेकडच्या जंगलांतला, जांभळट काळपट गाभ्याचा. इकडचा शीशम म्हणजे डॅलबर्जिया सिस्सू. हिमालयाच्या पायथ्याचा, गंगा-यमुनेच्या मैदानातला, तपकिरी रेघांचा. कुळ एक, नावातही भावकी, लाकूड वेगळे. आजवर किती हिंदी कथांतला शीशम मी बेधडक "शिसव" करून टाकला असेल, ते आता मोजण्यात अर्थ नाही. तसा लाटण्यालाही मराठीत दुसरा अर्थ आहेच, परक्याची जमीन लाटतात तो. हिंदीतले बेलन बिचारे एवढे बदनाम नाही.

चार दिवसांनी मी प्रत्यक्ष काम पाहायला गेले. चौकोनी दांड्याच्या दोन्ही तोंडांवर त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरप्या रेघा मारल्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात तो मध्य. रंध्याने चारही कोपरे उडवून दांडा अष्टकोनी केला, दोन टोकांच्या मधोमध अडकवला, बटण दाबले. सुरुवातीला लाकूड थडथडत होते. अर्धगोल पटाशीने ढलप्या उडत गेल्या, तसा आवाज बदलत गेला आणि शेवटी एकच सलग घोंगावणे उरले. "आता गोल झालं," मास्टरजी न पाहताच म्हणाले. मग तिरप्या धारेच्या पटाशीने त्यांनी आकार काढायला घेतला. लाकडातून लांबच लांब कुरळे निघत होते आणि त्यांच्या मनगटावर गोळा होत होते.

मराठीत लेथवर काम करणारा तो कातारी, आणि लेथवर केलेले काम ते कातीव. सूतही कातायचे आणि लाकूडही कातायचे. संस्कृतात 'कृत्' असे दोन धातू आहेत, एक कापण्याचा, एक गुंडाळण्याचा आणि पिळण्याचा. मला लहानपणापासून वाटे की चरख्याशी लाकडाचा काय संबंध, ही नुसती शब्दांची गल्लत असणार. ते कुरळे मनगटाभोवती गुंडाळले जाताना पाहून वाटले, गल्लत असलीच तर सोयीची आहे. मास्टरजींच्या भाषेत हे खराद. शब्द फारसीच्या वाटेने आलेला. त्यांच्या आईची बोली बन्नूची होती. ती बेलनाला वेलणा म्हणायची, एवढे त्यांना आठवते. बाकीची बोली समजते, पण बोलायला आता कोणी नाही, असे त्यांनी पॉलिशपेपर शोधता शोधता सांगितले.

लाटणे तयार झाले. कॅलिपरने तपासले, आठही ठिकाणी बरोबर. मी खुशीत घरी आले. आईने ते हातात घेतले, पोळपाटावर दोनदा फिरवले आणि म्हणाली, "ह्यां माझां न्हय."

आई माहेरची बोली फक्त दोन प्रसंगी बोलते, भावाशी फोनवर आणि फार थकल्यावर. त्या दिवशी फोन आलेला नव्हता. मी मापांची वही दाखवली. "माप बरोबर असेल," ती मराठीत म्हणाली, "पण ते हातातून निसटतं." मला राग आला. आधी लाटण्याचा, मग मास्टरजींचा, शेवटी तिचा. मी म्हणाले, तुझं जुनं लाटणं नवं होतं तेव्हा असंच होतं. ती म्हणाली, "मीही नवी होते तेव्हा."

मी लाटणे परत नेले. मास्टरजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हात कोणाचा?"

"आईचा."

"मग तिचा हात तुम्ही मला दाखवला कुठे? लाटणंच दाखवलंत."

झटक्याबद्दल मी त्यांना काही सांगितलेच नव्हते. खरे म्हणजे कोणालाच सांगत नव्हते. बरी आहे आता, एवढेच म्हणायचे. त्या मापांच्या वहीतही मी तेच करत होते. १९७१चे लाटणे परत आणले की १९७१चा हात परत येईल, असे काहीतरी डोक्यात असावे. लिहिताना ते फार बाळबोध दिसते, पण तसेच होते.

पुढच्या रविवारी आईला रिक्षाने पाच नंबरला नेले. मास्टरजींनी तिला स्टुलावर बसवले, "माताजी" म्हणून हात पुढे करायला सांगितला. एक जुना झाडूचा दांडा दिला, मग पलंगाच्या पायाचा तुकडा, मग त्याहून जाड एक गिल्ली. प्रत्येक वेळी म्हणायचे, दाबा. बारीक दांड्यावर तिची बोटे पूर्ण मिटत नव्हती. जाड तुकड्यावर मिटायची गरजच नव्हती, तळवा टेकत होता. त्यांचा निर्णय पाच मिनिटांत झाला: टोके सात सुतांवरून दहावर, मध्य अकरावरून तेरावर. "दाब हात देणार नाही, मग वजन देईल," ते म्हणाले. बाजारातल्या बेलनाच्या मुठी का जमल्या नाहीत, तेही मला तेव्हा कळले.

ते लाकूड चढवत होते तेवढ्यात आईला अचानक गोष्ट सांगायची हुक्की आली. १९७२ची गोष्ट. लग्नाला वर्षही झाले नव्हते. दुष्काळ, महागाई, रेशनला रांगा. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या महागाईविरोधी समितीचे मोर्चे निघत. बायका हातात थाळ्या आणि लाटणी घेऊन रस्त्यावर येत. पुढे लाटणे मोर्चा म्हणूनच तो ओळखला गेला. गोरेगाव तर मृणालताईंचेच गाव. शेजारच्या वहिनी बोलवायला आल्या, पण आईच्या सासूबाईंनी सुनेला सोडले नाही. वहिनींचे स्वतःचे लाटणे मोडलेले होते. त्या आईचे मागून घेऊन गेल्या.

"लाटणं मोर्च्याला गेलं," आई म्हणाली, "आणि मी घरी भात लावला. पोळ्या कशाने लाटणार?"

मी हे हिंदीत सांगितले. मास्टरजींनी लेथ बंद केली आणि नीट हसले. म्हणाले, आमची आई असती तर सासूला घेऊन गेली असती. मी ते मराठीत सांगितले. आई हसली, मग थोडा वेळ गप्प राहिली. "संध्याकाळी परत आलं तेव्हा त्याला एक खोक पडली होती," ती म्हणाली. "मी सासूबाईंना दाखवली नाही. ती अजून आहे बघ." ते चिरलेले लाटणे माझ्या पिशवीत होते. मी काढून पाहिले. डाव्या टोकाजवळ नखाएवढी खोक होती. मापे घेताना मी ती पाहिली होती आणि दोष समजून वगळली होती.

नवे लाटणे तासाभरात झाले. मास्टरजींनी पॉलिशपेपर लावायला घेतला आणि मध्येच थांबवला. उजवी बाजू त्यांनी खरखरीतच सोडली. पॉलिशपेपरच्या तीन पट्ट्या कापून आईच्या हातात दिल्या. माझ्याकडे न पाहता तिला म्हणाले, "माताजी, बाकी आप करोगे. एक सूत." आणि तेलाचे सांगितले. रंग नाही, वॉर्निश नाही, जवसाचे कच्चे तेल पातळ हाताने, दोन दिवस वाळू द्यायचे, मग पुन्हा. लाकडाला इथली हवा सोसायची तर पाणी हळूहळू ये-जा करायला हवे, एवढाच त्याचा अर्थ.

जूनपासून आई दुपारी गॅलरीत बसते. मांडीवर जुना पंचा, त्यावर लाटणे. उजव्या हातात पॉलिशपेपर, डाव्या हाताने लाटणे थोडे थोडे फिरवायचे. व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, चेंडूपेक्षा हे उत्तम. रोज पाव चमचा भुसा पडतो, तपकिरी, किंचित गोडसर वासाचा. आई तो तुळशीत टाकते. दिवाळीपर्यंत पहिल्या दोन पट्ट्या झिजून गुळगुळीत झाल्या होत्या. मी एकदा गुपचूप कॅलिपर लावून पाहिला. मी तो आता विकत घेतला आहे. डावीकडे बारा सूत असलेल्या जागी उजवीकडे साडेअकरा भरले. लेथवरून उतरलेले लाटणे गोल होते, आता नाही.

जुने लाटणे मी माझ्या टेबलावर ठेवले आहे. आईला ते आवडत नाही. भांड्यांत ठेव, म्हणते, पापडाला चालेल, पापडावर रेघ उमटली तर बिघडत नाही. तिचे बरोबर आहे, मी अजून ठेवलेले नाही इतकेच. ज्या कादंबरीचे भाषांतर सध्या हाताशी आहे, तिच्यात शीशम तीनदा येतो. तिन्ही ठिकाणी मी शीशमच ठेवला आहे.

गेल्या आठवड्यात स्वयंपाकघरातून आईने हाक मारली. मी गेले तेव्हा ती पोळपाटाकडे बघत होती. "बघ हं," म्हणाली, आणि लाटणे पुढे नेले, मागे आणले. पोळी पोळपाटावर सरकली, साधारण पाव फेरी, आणि थांबली. आईने पिठाचा हात झटकला, उरलेली पोळी बोटाने वळवून घेतली आणि पुढे लाटायला लागली.